उपवास आणि डोंगरभटकंतीच्या सप्ताहाला जाण्यापूर्वी काय तपासावे?

आपले वय ५२, रक्तदाबाची गोळी रोज सुरू, आणि श्टुटगार्टला राहणाऱ्या मुलीने ब्लॅक फॉरेस्ट या दक्षिण जर्मनीतील डोंगराळ वनप्रदेशातील सात दिवसांच्या उपवास व पदभ्रमणाच्या कार्यक्रमाला येण्याचा आग्रह धरलेला. असा कार्यक्रम सुरक्षित आणि सचोटीने चालवलेला आहे हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. मी आहारतज्ज्ञ आहे, दक्षिण जर्मनीत राहते आणि अशा सप्ताहांत स्वतः सहभागीही झाले आहे. माझ्या मते आयोजक कोणाला प्रवेश नाकारतो, हे सर्वांत आधी पाहावे.

हा उपवास आपल्या ‘एकादशी दुप्पट खाशी’ या प्रकारातला नाही. ओटो बुखिंगर या जर्मन नौदलातील डॉक्टरने १९१९ मध्ये स्वतःच्या सांधेदुखीवर दीर्घ उपवास केला आणि पुढच्या वर्षी चिकित्सालय काढले. त्यांच्या पद्धतीत दिवसभरात भाज्यांचे गाळलेले सूप, फळांचा रस, थोडा मध आणि वनस्पतींचा चहा एवढेच मिळते, म्हणजे साधारण २५० ते ५०० किलोकॅलरी. त्याला रोजच्या काही तासांच्या चालण्याची जोड १९८० च्या दशकात मिळाली. मात्र चिकित्सालयात डॉक्टर हाताशी असतो, तर पायवाटेवर बहुधा फक्त उपवासाचा मार्गदर्शक असतो आणि त्याला उपचार करण्याचा अधिकार नसतो. म्हणूनच तेथील जाणकार निरोगी माणसांचा उपवास आणि रुग्णांचा उपचारात्मक उपवास यांत स्पष्ट भेद करतात. दुसरा केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवा. रोज गोळी घेणारी व्यक्ती आपोआप पहिल्या गटात बसत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आजार, औषधे आणि वजन यांची लेखी विचारपूस होते का, हे पाहा. गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, टाइप १ मधुमेहाचे रुग्ण, खाण्याशी संबंधित मानसिक विकार असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले लोक, मुळातच कमी वजनाचे लोक आणि यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले लोक यांना कोणताही जबाबदार आयोजक घेत नाही. अर्जात केवळ खोलीची पसंती विचारली असेल, तर तो कार्यक्रम तिथेच सोडून द्यावा.

आपल्या गोळीविषयी थोडे सविस्तर सांगते. उपवासात इन्सुलिनची पातळी उतरली की मूत्रपिंडे अधिक सोडियम आणि पाणी बाहेर टाकतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांतच रक्तदाब खाली येतो (पहिल्या दिवसांत घटणाऱ्या वजनाचा मोठा भागही पाणीच असतो, जाहिरातीतल्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये). त्यावर नेहमीच्या मात्रेची गोळी घेतली, तर उठताना अंधारी येते, आणि ती दगडधोंड्यांच्या उतारावर आली तर पडण्याचा धोका असतो. गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असेल, तर पोटॅशियमही घटू शकते. मात्रा किती कमी करायची हे आपल्या डॉक्टरांनीच निघण्यापूर्वी लिहून द्यावे. मार्गदर्शकाने परस्पर ‘गोळी बंद करा’ असे सांगितले, तर तो मर्यादा ओलांडतो आहे. मधुमेहाच्या एसजीएलटी-२ प्रकारच्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या चालू असणाऱ्यांना तर साखर फारशी न वाढताही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा धोकादायक प्रकार, होऊ शकतो.

वाटेवरच्या व्यवस्थेत मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: गटाच्या शेवटी चालणारा दुसरा जबाबदार माणूस, मध्येच बाहेर पडून बस गाठता येईल असा मार्ग, आणि सोबत असलेली ग्लुकोज व उबदार कपडे, कारण उपाशी शरीराला थंडी लवकर वाजते. कोणी उपवास सोडू म्हटले, तर त्याला सर्वांसमोर ‘अजून थोडा धीर धरा’ असे सांगून अडवणे हा मला अनैतिक प्रकार वाटतो. त्या माणसाला निमूटपणे जेवण मिळाले पाहिजे.

‘विषद्रव्ये बाहेर पडतात’ हा दावा कोणती द्रव्ये आणि किती, हे न सांगता केला जातो. तो करणाऱ्याकडे मी संशयानेच पाहते. आयोजकाच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली तरी जबाबदारी त्याची नाही, असे छापील अटींत लिहून घेतले असले तरी जर्मन नागरी कायद्यात ते टिकत नाही. त्यामुळे तो कागद पुढे केला तर आयोजकाचा हेतू तेवढा कळतो. निवास आणि पदभ्रमण एकत्र विकले जात असेल, तर आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी आयोजकाच्या दिवाळखोरीपासून आपल्या पैशांना संरक्षण देणारे प्रमाणपत्र मागून घ्या.

आता आपल्या परतीच्या तिकिटाविषयी. सातव्या दिवशी उपवास सोडून आठव्या दिवशी विमान आणि नवव्या दिवशी पुण्यात साखरपुड्याची पंगत, हा बेत मला मान्य नाही. बरेच दिवस जवळजवळ काही न खाल्लेल्या शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेले, की इन्सुलिन उसळते आणि फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचले जातात. दुर्बल माणसात यामुळे हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेच्या रुग्णांसाठीच्या मार्गदर्शिकेत पाच दिवसांहून अधिक काळ अत्यल्प आहार आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांचा इतिहास या दोन्ही गोष्टी धोक्याच्या निकषांत आहेत, आणि दोन निकष एकत्र आले की धोका अधिक धरला जातो. निरोगी माणसाचा धोका पुष्कळ कमी असतो, तरीही जितके दिवस उपवास, त्याच्या निदान एक तृतीयांश दिवस हळूहळू आहार वाढवण्यासाठी राखून ठेवण्याची तेथील रीत आहे. त्यामुळे एक तर तिकीट तीन दिवस पुढे ढकला आणि तेवढे दिवस मुलीकडे पातळ मुगाची खिचडी व उकडलेल्या भाज्या घ्या, नाही तर या वेळी उपवास वगळून तिच्याबरोबर नुसते डोंगर हिंडा.