‘त्याने आम्हाला सांगायला हवं होतं’

‘मॅडम, घरातलं कोणी गेल्यासारखी रडतेय ती. आणि का, तर कुठल्याशा गायकाचं कुणाशी तरी जमलंय म्हणून! त्याला हिचं नावसुद्धा माहीत नाही हो.’

फोनवरची आई घाबरली होती आणि तितकीच चिडलीही होती. सोळा वर्षांची लेक तीन दिवस नीट जेवली नव्हती, शाळेत गेली नव्हती. रागाच्या भरात आईने तिच्या खोलीतली दोन पोस्टर्स उतरवली आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. ‘वय आहे म्हणून सोडून द्यायचं, की काही बिनसलंय असं समजायचं?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला अलीकडे वारंवार विचारला जातो, म्हणून ही हकिकत लिहून ठेवते आहे. मायलेकींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत मी चुकले. ती समोर येऊन बसली आणि पाच-दहा मिनिटांतच मी तिला समजावायला लागले, की कलाकाराची प्रतिमा कंपनी घडवते, आपल्याला दिसतं ते निवडून, ठरवून दाखवलेलं असतं, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मला माहितीये.’

तिला खरंच माहीत होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. के-पॉपमध्ये, म्हणजे कोरियन पॉप संगीतात, ट्रेनी (उमेदवार) म्हणून मुलांना वर्षानुवर्षं गाण्या-नाचण्याबरोबर मुलाखतीत कसं बोलायचं तेही शिकवतात. ग्रुपमध्ये कोण ‘लीडर’, कोण सगळ्यांत धाकटा आणि लाडावलेला, कोण अबोल, हे स्वभावसुद्धा जणू वाटून दिलेले असतात. अल्बममध्ये कोणाचं फोटोकार्ड, म्हणजे फोटोचं छोटं कार्ड, निघेल ते आधी कळत नाही, म्हणून एकच अल्बम लोक चार-चार वेळा घेतात. हे सगळं तिने मला सांगितलं. मग फोन माझ्याकडे वळवला.

पडद्यावर त्या गायकाचा मेसेज होता. आज सराव संपायला उशीर झाला, तू जेवलीस का, जागत बसू नकोस. मजकुरात मधोमध तिचं नाव होतं, घरी हाक मारतात ते. पैसे भरून घ्यायची ही सेवा असते. कलाकार एकदाच लिहितो, नावाच्या जागी एक खूण टाकतो आणि प्रत्येक फॅनला तिथे स्वतःचं नाव दिसतं. ‘हा सगळ्यांना जातो हे मला कळतं. तरी माझं नाव असतं ना,’ ती म्हणाली.

या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. आपण मोठी माणसं समजतो, की मुलांना ‘हे खोटं आहे’ एवढं कळलं की झालं, डोळे उघडतील. डोळे उघडेच असतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच या नात्याला ‘पॅरासोशल’ म्हटलं होतं. रेडिओ-टीव्हीवरचा निवेदक थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्याच्याशी ओळख असल्यासारखं वाटू लागतं. मराठीत मी याला एकतर्फी जवळीक म्हणते. ती एकतर्फी आहे हे ठाऊक असूनही ती जवळीक वाटतेच, आणि अशी जवळीक वाटणं हा काही आजार नाही. लहानपणापासून आपण ज्यांना कधी भेटलो नाही अशा किती माणसांवर जीव लावतो! फरक इतकाच, की आता हा जीव लावणं हा धंद्याचा पाया झाला आहे आणि त्यासाठी मुलांना रोज रात्री नाव घेऊन हाक मारली जाते.

पुढच्या भेटीत मी समजावणं बंद केलं. फक्त विचारलं, ‘बातमी वाचल्यावर सगळ्यात जास्त काय लागलं?’ मला वाटलं, ती प्रेमाबद्दल बोलेल. तिने दप्तरातून एक वही काढली.

वहीत हिरव्या शाईने आखलेले रकाने होते. तारीख, गाण्याचं नाव, किती वेळा वाजवलं, किती वाजता झोपले. नवीन गाणं येतं, ज्याला ही मुलं ‘कमबॅक’ म्हणतात, त्या आठवड्यात शेवटच्या रकान्यात पहाटेचे अडीच, तीन, पावणेचार. फोनचा आवाज बंद करून चालणार नाही, नाहीतर प्ले मोजला जात नाही, असं त्यांच्या फॅन ग्रुपमध्ये सांगितलेलं. म्हणून ती इयरफोन उशीखाली ठेवून गाणं वाजवत ठेवायची आणि मध्ये मध्ये उठून बघायची. जवळपास दोन वर्षं. ‘आम्ही नाही केलं तर त्यांचं गाणं क्रमवारीत खाली जाईल. मोठ्या कंपनीचे नाहीयेत ते. लाइव्हमध्ये तो रडला होता, म्हणाला तुमच्याशिवाय आम्ही कोणी नाही.’ मग आवाज एकदम चढला. ‘आणि हे त्याने आम्हाला सांगायला हवं होतं! तो म्हणायचा, मी तुमच्यापासून काही लपवत नाही.’

तेव्हा मला उमगलं. हा प्रेमभंग नव्हता. दोन वर्षं विनावेतन, झोप मोडून राबलेल्या माणसाला जे वाटतं, ते तिला वाटत होतं. लोक समजतात की तारा म्हणजे दूरवरचा, झगमगणारा, हात न पोहोचणारा. पण या प्रतिमेत तो फॅनच्या खांद्यावर उभा असलेला, थकलेला, ‘तुम्हीच मला घडवलंत’ म्हणणारा दाखवला जातो. मोठेपणापेक्षा हे दुबळेपण जास्त बांधून ठेवतं. पूजा करणारा कंटाळून उठून जाऊ शकतो. ज्याला वाटतं की माझ्यावाचून समोरच्याचं अडेल, तो उठत नाही.

हे मी तिला लगेच बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी जुन्या गोष्टी सांगितल्या, कारण आपलं दुःख एकट्याचंच नाही हे कळलं की माणूस जरा सैल होतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत १९६०च्या दशकात गायकांना उठावं-बसावं कसं, चालावं कसं हे शिकवायला मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई होत्या आणि नाच बसवायला चॉली ॲटकिन्स. इंग्लंडचा बीटल्स हा बँड आधी चामड्याची जाकिटं घालून गायचा. त्यांना सूट चढवले त्यांचे मॅनेजर ब्रायन एपस्टीन यांनी. आणि त्यांच्यातल्या जॉन लेननचं ऑगस्ट १९६२ मध्ये सिंथियाशी लग्न झालं, ते चाहत्यांपासून लपवून ठेवलं गेलं, कारण मुलींना तो मोकळा वाटायला हवा होता. पुढे बातमी फुटली. ९ फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स गायले तेव्हा लेननच्या चेहऱ्याखाली पडद्यावर अक्षरं आली, ‘सॉरी मुलींनो, याचं लग्न झालंय.’

ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ‘म्हणजे साठ वर्षांपूर्वीपण हेच?’ मग थोड्या वेळाने, ‘आणि सिंथियाचं काय?’

‘काय म्हणजे?’

‘लग्न झालेलं असून नाही म्हणून राहायचं? वर्षभर?’

‘हो. आणि त्यात पोटात बाळ.’

ती वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिली. मग स्वतःहून जे बोलली ते आईलाही माहीत नव्हतं. बातमी आली त्या रात्री त्यांच्या फॅन ग्रुपमध्ये त्या गायकाने माफी मागावी अशी मोहीम सुरू झाली आणि हिनेही तीन वेळा तसं लिहिलं. मार्च २०२४ मध्ये कोरियाच्या एस्पा ग्रुपमधल्या गायिका कॅरिनाने, तिचं कुणाशी तरी जुळल्याची बातमी आल्यावर, हाताने लिहिलेलं माफीचं पत्र टाकलं होतं, ते हिला पाठ होतं. २०१३ मध्ये जपानच्या एकेबी ४८ या मुलींच्या ग्रुपमधल्या मिनामी मिनेगिशीने एका मुलासोबतची बातमी छापून आली म्हणून डोकं भादरून व्हिडिओत रडत माफी मागितली होती, तेही तिने पाहिलेलं. ‘तेव्हा मला तिची दया आली होती. आणि आता मीच लिहिलं, माफी माग म्हणून.’ जेवण सुटलं होतं ते यामुळे. रडण्यात दुःख होतं, राग होता, पण सगळ्यांत तळाशी शरम होती.

‘त्याला सांगताही आलं नसेल,’ ती म्हणाली.

‘नसेल. पण “मी काही लपवत नाही” हे वाक्य खरं नव्हतं, तेही तितकंच आहे. तुला राग यायला जागा आहे.’ तिची समजूत काढायच्या नादात मला तिचा राग पुसून टाकायचा नव्हता. प्रतिमा विकणाऱ्या व्यवस्थेने त्या मुलालाही बांधलं होतं आणि हिच्याकडूनही फुकट काम करून घेतलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि सोळाव्या वर्षी हे पेलण्याची ताकद मुलांमध्ये असते, आपण धीर धरला तर.

मग आम्ही झोपेवर काम केलं. रात्री दहानंतर स्ट्रीमिंग नाही आणि त्या मेसेजचे आवाज बंद. तिला भीती होती, ग्रुपमधल्या मुली गद्दार म्हणतील. तिने धीर करून लिहिलं, ‘माझी झोप होत नाहीये, मी रात्रीचं बंद करतेय.’ एकीने टोमणा मारला. दोघींनी खासगीत कळवलं, की आम्हीपण थकलोय.

आईशी स्वतंत्र बोलले. पोस्टर्स परत द्या, एवढंच आधी सांगितलं. ‘त्याला तुझं नावसुद्धा माहीत नाही’ हे वाक्य पालक फार सहज वापरतात. मुलीला ते कधीचंच माहीत असतं. आपण फक्त जखमेवर बोट ठेवतो. चेष्टा केली की मूल फॅन ग्रुपकडे आणखी सरकतं, कारण तिथे निदान हसत नाहीत. फोन एकदम काढून घेण्याचंही तेच.

आता आईच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. खोलीभर फोटो, दिवसभर एकच गाणं, त्या भाषेतले शब्द शिकणं, बातमी आल्यावर दोन-चार दिवस रडणं, याला घाबरू नका. उलट यातून मुलं मैत्री जोडतात, भाषा शिकतात, चित्रं काढतात. काळजी घ्यायची ती झोप, अभ्यास आणि जेवण आठवडेच्या आठवडे विस्कटलं, न सांगता पैसे खर्च व्हायला लागले, प्रत्यक्षातले मित्र सुटले, किंवा ताऱ्यासारखं दिसण्यासाठी मूल उपाशी राहू लागलं तर. आणि जगण्याला अर्थ नाही, असं काही मूल बोललं, तर ते गायकामुळे बोलतंय की आणखी कशामुळे याची चिकित्सा करत बसू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या.

सहाव्या भेटीत मी तिला एक काम दिलं. तिच्या आवडत्या गाण्याचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो कोणाकोणाच्या हातून गेलाय ते शोधून वहीत लिहायचं. त्याच वहीत, हिरव्या शाईने. पुढच्या वेळी ती ६४ नावं घेऊन आली. शब्द लिहिणारे, चाल बांधणारे, नाच बसवणारे, केस करणारे, प्रकाश लावणारे, आवाज घोटून सरळ करणारे. ‘त्याचं काय कमी झालं का यामुळे?’ मी विचारलं. तिने मान हलवली. ‘नाही. पण तो एकटा नाही वाटला.’

शेवटच्या भेटीला दोघी आल्या होत्या. आई सांगत होती, परवा रात्री हिच्या खोलीत गेले, म्हटलं मलाही ऐकव एकदा. एक इयरफोन हिच्या कानात, एक माझ्या. मला शब्द काही कळले नाहीत, पण कडव्याच्या शेवटी मागे एक बाईचा आवाज येतो, खूप गोड. मी विचारलं, हा कोणाचा गं?

‘मलापण माहीत नव्हतं,’ मुलगी म्हणाली. ‘दोन वर्षं ऐकतेय, कधी लक्षच गेलं नव्हतं. मग आम्ही दोघींनी शोधलं.’ तिने वही उघडून दाखवली. ६५ वं नाव आईच्या अक्षरात होतं.