‘ईव्हिल’ला एकच मराठी शब्द पुरणार नाही

निबंधाच्या अनुवादात ‘ईव्हिल’ला सगळीकडे ‘दुष्ट’ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालणार नाही. ‘दुष्ट’ म्हटलं की हेतू बाळगणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तत्त्वज्ञानात भूकंप आणि रोगराईलाही ‘ईव्हिल’च म्हणतात, तिथं ‘अरिष्ट’ घ्या.

जुन्या इंग्रजीत हा शब्द आपल्या ‘वाईट’सारखाच साधा होता. दुखण्यालाही लावत. गंडमाळांचं, म्हणजे मानेवर गाठी येण्याच्या रोगाचं, तर नावच ‘किंग्ज ईव्हिल’, कारण राजानं हात लावला की त्या बऱ्या होतात अशी समजूत होती. कोशकार सॅम्युअल जॉन्सनला लहानपणी, १७१२ साली, याचसाठी राणी अ‍ॅनकडे नेलं होतं. पुढे रोजच्या बोलण्यात ‘बॅड’ रुळला आणि ‘ईव्हिल’कडे घोर तेवढं उरलं. आपला ‘वाईट’ मात्र अजून सगळीकडे फिरतो: दिवस वाईट, संगत वाईट, ऐकून वाईट वाटलं.

तुमच्या यादीतल्या ‘ईव्हिल आय’ला ‘दुष्ट नजर’ अजिबात करू नका. आमची आजी पंचवटीतल्या घरात तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आम्हा भावंडांवरून उतरवायची, ‘आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्याची’ पुटपुटायची आणि शेवटी ‘माझीसुद्धा’ म्हणून मूठ चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की तिचा चेहरा सैल व्हायचा. मायेनं पाहणाऱ्याचीही लागते ती दृष्ट. ‘दृष्ट’ एवढंच लिहा.

‘लेसर ईव्हिल’ला ‘दगडापेक्षा वीट मऊ’ आहेच.

‘सोशल ईव्हिल’पाशी मात्र थांबून विचार करा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या इंग्रजी नावात ‘ईव्हिल’ आहे, मराठी नावात त्या जागी ‘अनिष्ट’. कायद्याला तो ठीक. पण अनिष्ट म्हणजे नको असलेलं. त्यात करणारा दिसत नाही. तुमच्या निबंधात अस्पृश्यतेचं उदाहरण आहे. २ मार्च १९३० ला इथं नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांचे सत्याग्रही उभे होते. ती दारं कुणीतरी लावून घेतली होती. त्याला ‘अनिष्ट रूढी’ म्हणणं मला फार मवाळ वाटतं. ‘अन्याय’ लिहा, गरज पडली तर ‘घोर अन्याय’.

राहिला माणसाच्या आतला ‘ईव्हिल’. पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ आहे: खळ माणूस राहो, त्याचा वाकडेपणा गळून पडो. पुढच्याच ओवीत ‘दुरितांचे तिमिर जावो’. माणसाला खळ, त्याच्या वृत्तीला व्यंकटी, जगात साचलेल्या पापाला दुरित, असे तीन वेगळे शब्द तिथं मिळतात. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात लेखक गुन्हेगार सुधारू शकतो असं म्हणतोय, म्हणजे तो व्यंकटीबद्दल बोलतोय. आजच्या वाचकासाठी मी तिथं ‘दुष्टपणा’ ठेवेन, ‘दुष्ट’ नाही.