गरोदर बाईला कोविडची लस कितपत वाचवते?

बायको पाचव्या महिन्यात आहे, लशीचा उपयोग किती आणि बाळाला धोका नाही ना, असं तुम्ही विचारलंय. उपयोग होतो. लस घेऊनही सर्दी-ताप येऊ शकतो, पण दम लागून आयसीयूत जायची वेळ सहसा येत नाही.

२ जुलै २०२१ला सरकारने गरोदर बायकांना लस द्यायला परवानगी दिली, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला पाचवाच लागला होता. सांगलीत तेव्हा रुग्ण कमी होत नव्हते. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "पोटातल्या जिवावर प्रयोग नको." धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र त्यांनीच सोबत जाऊन दिलं होतं! भावजी गप्प बसले. लस राहिली, डोहाळजेवण मात्र चाळीस माणसं बोलावून झालं. सहाव्या दिवशी ताप, नवव्या दिवशी ऑक्सिजन ८८. सलाइन लावायला हातातल्या हिरव्या बांगड्या वाढवाव्या लागल्या. वॉर्डातल्या बाकीच्यांना पालथं झोपवत होते, हिला पोटामुळे ते जमेना. डाव्या कुशीवर झोपवून मी रात्रभर पाठीला उशी धरून बसले होते. आठव्यातच सिझर झालं. दोघं वाचली. सासूबाई आजही म्हणतात, "लस घेतली नाही म्हणून बाळ धड आहे." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात लागण झालेल्या गरोदर बायकांत लस न घेतलेल्या ७७ टक्के होत्या, आणि अतिदक्षता विभागात गेलेल्यांत ९८ टक्के. यातच काय ते आलं. आईची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी अँटीबॉडीज, वारेतून बाळाकडे जातात. अमेरिकेत आईने गरोदरपणात दोन डोस घेतले असतील तर सहा महिन्यांखालच्या बाळांना कोविडने दवाखान्यात ठेवायची वेळ ६१ टक्क्यांनी कमी आली.

हो, हा ६१चा आकडा फायझर-मॉडर्नाचा आहे, आपल्याकडे बहुतेकांनी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. ओमिक्रॉननंतर लागण रोखण्याची ताकद बरीच उतरली. आता डोस घ्यायचा का, कोणता, हे तिच्या डॉक्टरांना विचारा.

पण घरात तुमच्या आई लशीला नको म्हणत असतील, तर त्यांच्याशी तुम्ही स्वतः बोला. बायकोला पुढे करू नका. आमच्या भावजींनी त्या दिवशी एक वाक्य बोलायला हवं होतं.