तक्रार देण्याआधी गाडी तपासा, दोघांनी

प्रिय डॉक्टर,

तुझं ॲम्ब्युलन्सच्या पायलटविरुद्धचं, म्हणजे ड्रायव्हरविरुद्धचं, दोन पानी तक्रारपत्र मिळालं. ‘मॅडम, फक्त भाषा बघून द्या’ असं वर लिहिलं आहेस. भाषा चांगली आहे, तिला मी हात लावत नाही. पण सगळ्यात खाली पेनाने एक ओळ आहे, ‘बेस बदलून मागू की सरळ मित्राच्या क्लिनिकला जाऊन बसू, काही सुचत नाही.’ हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

तुझे मुद्दे मी दोनदा वाचले. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पायलट तिसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर घ्यायला चढला नाही. नातेवाइकांसमोर ‘डॉक्टर नवीन आहेत’ म्हणाला. बेसवर, म्हणजे गाडी कॉलची वाट बघत उभी असते तिथे, दोघं दोन कोपऱ्यांत बसता. हे तू क्रमांक घालून लिहिलंस. आणि पहिल्याच परिच्छेदात, काही विशेष नसल्यासारखं, लिहून गेलास की ड्युटी बदलताना गाडी तो बघतो आणि तू रजिस्टरवर सही करतोस. मला त्या वाक्यापुढे जाताच येईना. तू न बघता सही करतोस?

गाडी दोघांनी मिळून तपासायची. रोज, ड्युटी सुरू होताना, पहिला कॉल येण्याआधी. औषधं-उपकरणं डॉक्टरने आणि टायर-डिझेल पायलटने अशी वाटणी करायची नाही. दोघांनी सगळं बघायचं. पेशंटच्या घशातला चिकटा ओढायचं सक्शन मशीन त्याने चालू करावं, नळीच्या तोंडावर बोट धरून काटा चढतो का ते त्याने सांगावं. स्टेपनीत हवा आहे का, जॅक कुठे आहे, ते तू बघावंस. तुला यात काय मोठं सांगितलं असं वाटेल. वाटू दे. मी हे पत्रभर सांगणार आहे.

तू म्हणशील, मी भांडणाबद्दल विचारलं आणि मॅडम गाडी तपासण्याबद्दल बोलतायत. तुझं भांडण तिथेच सुरू झालंय म्हणून बोलतेय.

१०८ यायच्या आधी मी एका ट्रस्टच्या गाडीवर होते, कोयना-पाटण पट्ट्यात. हिवाळ्यातली रात्र होती. दम्याचे एक जुने पेशंट, वय झालेलं, बसल्या जागी पुढे वाकून श्वास ओढत होते. रजिस्टरला आधीच्या पाळीची ‘ओके’ अशी सही होती. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरचा गेजचा काटा भरलेला दाखवत होता. मास्क लावला, फ्लो सुरू केला आणि थोड्याच वेळात काटा घसरून शून्यावर आला. सिलिंडर भरलेलाच होता, पण वरून बंद होता. बंद करताना नळीतला दाब सोडला नाही तर काटा होता तिथेच अडकून राहतो आणि आपण समजतो सगळं ठीक आहे. उघडायची चावी गाडीत नव्हती. ती दुसऱ्या गाडीत गेली होती. आमच्या पायलटने मल्हारपेठेत एका गॅरेजवाल्याला झोपेतून उठवलं, त्याच्याकडून पाना आणला आणि सिलिंडर उघडला. तोवर मी आजोबांना ताठ बसवून, नेब्युलायझरची तयारी करत, त्यांच्याशी नुसती बोलत होते. आजोबा कराडपर्यंत नीट पोहोचले.

त्या काळी तपासण्याची रीतच तशी होती, काटा बघायचा आणि सही करायची. मी रीत पाळली होती. पण दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी ती रीत मोडली. त्याने चावी दोरीने सिलिंडरच्या मानेला बांधली. ड्युटीवर आलो की तो चावी फिरवायचा, मी काटा वाचायची, मग फ्लो सोडून पुन्हा वाचायची. दोघं मोठ्याने बोलायचो. बघणाऱ्यांना ते विचित्र वाटायचं.

आणि मग जे झालं ते तुला सांगायचंय. या दहा-पंधरा मिनिटांत आम्ही एकमेकांशी बोलायला शिकलो. मागे पेशंटची छाती दाबत मी उभी असले की पुढून आवाज यायचा, ‘मॅडम, गतिरोधक!’, ‘मॅडम, डावं वळण!’ मी एक हात वर धरायची आणि पुन्हा सुरू. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मागे माझ्या हातात काय आहे, काय नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला माझी काळजी करता आली. चहा-वडापावने, वाढदिवसाच्या केकने ओळख वाढते, मी नाही म्हणत नाही. पण पहाटे तीनला घाटात उपयोगी पडते ती ओळख गाडी तपासतानाच होते.

आपल्याकडे याची गरज जास्त आहे. २६ जानेवारी २०१४ ला राज्यात १०८ सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी, २३३ ॲडव्हान्स म्हणजे जास्त उपकरणांच्या आणि ७०४ बेसिक, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर द्यायचा असं ठरलं. बहुतेक तुझ्या-माझ्यासारखे बीएएमएस, नाहीतर बीएचएमएस. इतर बऱ्याच राज्यांत मागे टेक्निशियन असतो. आपल्याकडे डॉक्टर असल्याने पेशंटचा फायदा झाला, पण एक भिंतही आली. मागे ‘सर’, पुढे पायलट. सर रजिस्टर लिहिणार, पायलट गाडी धुणार. तू या भिंतीच्या वरच्या बाजूला उभा राहून विचारतोयस की तो माझ्याशी बोलत का नाही. रक्त सांडलेली गाडी धुताना तू कुठे असतोस? जंतू मारायला एक टक्का हायपोक्लोराइट टाकून दहा मिनिटं थांबायचं असतं. ती दहा मिनिटं तू त्याच्याबरोबर थांबतोस की मोबाईल घेऊन बाकावर बसतोस?

चिडून लिहितेय, माहीत आहे. तुझं दमणं मला कळतं. ‘देवळाजवळ या’ एवढाच पत्ता आणि गावात देवळं चार. दारात पोहोचलो की ‘एवढा वेळ का लागला’. पेशंट पिशवी भरून, चप्पल घालून, स्वतःच्या पायाने गाडीत चढतो आणि मागोमाग सहा नातेवाईक. ॲम्ब्युलन्सचा रस्ता अडवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजारांचा दंड लागला, तरी सायरन ऐकून माणूस गोंधळतो आणि रस्त्याच्या मधोमध ब्रेक मारतो, त्याला दंडाचं काय. याची सवय होते.

सवय होत नाही ती स्ट्रेचर अडकण्याची. पेशंट कॅज्युअल्टीत नेला, बेड नाही, त्यांची ट्रॉली नाही. मग पेशंट आपल्याच स्ट्रेचरवर भिंतीला लागून. कंट्रोल रूमचा फोन, ‘गाडी मोकळी झाली का?’ गाडी बाहेर उभी आहे, पण स्ट्रेचरशिवाय ती नुसती व्हॅन आहे. सीएमओवर, म्हणजे कॅज्युअल्टीच्या डॉक्टरवर, ओरडून ट्रॉली येत नाही, त्याच्यासमोरही चार जण पडलेले असतात. अशा वेळी दोघांची जोडी हवी. तू पेशंटजवळ थांबून सिस्टरला नीट हँडओव्हर द्यायचा, काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं. तेवढ्यात पायलटने मावशींना, वॉर्डबॉय मामांना गाठायचं. कुठल्या वॉर्डातून ट्रॉली सुटतेय ते त्यांना सीएमओच्या आधी कळतं. जुन्या पायलटला प्रत्येक हॉस्पिटलातल्या मावशी नावाने माहीत असतात. ही ओळख तू पदवी दाखवून मिळवू शकत नाहीस. ती तुझ्यासाठी वापरायची की नाही हे तो ठरवतो, आणि संध्याकाळी गाडी तपासताना तू त्याच्याबरोबर होतास का, यावर बरंच ठरतं.

म्हणून पुन्हा सांगते, दोघांनी मिळून.

आता हिशेब बघ, म्हणजे ही नुसती भावनेची गोष्ट वाटणार नाही. बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर साधारण १,५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने दिला तर अडीच तास. काटा निम्म्यावर असेल तर सव्वा तास. तुझा बेस घाटाखाली. चिपळूणहून कुंभार्ली चढून कराड गाठायला दोन तास तरी धर, आणि पावसाळ्यात पोफळीच्या वर धुकं उतरलं की वेळेचा हिशेब सोड. म्हणजे निम्म्या सिलिंडरवर तू हेळवाकच्या पुढे कुठेतरी कोरडा पडशील. हे एकट्या तुला माहीत असून काय उपयोग? गाडी त्याच्या हातात आहे. निघायच्या आधी दोघांनी काटा पाहिला असेल तर तोच म्हणेल, डॉक्टर, सिलिंडर इथेच बदलून घेऊ, नाहीतर पाटणला ग्रामीण रुग्णालयात सोय होते का ते आधी फोन करून विचारा. त्याने पाहिलेला नसेल तर तुला मागून खिडकीवर थाप मारून सांगावं लागेल, नातेवाइकांच्या देखत. आणि मग तो म्हणेल, ‘डॉक्टर नवीन आहेत.’

प्रसूतीच्या केसला तर विचारूच नको. किटमध्ये नाळेला लावायचे दोन कॉर्ड क्लॅम्प, ब्लेड, बाळाच्या तोंडातला चिकटा ओढायचा म्यूकस सकर, कोरडं कापड. कापड सगळ्यात आधी संपतं, कारण ते कुणीही कशालाही वापरतं. बाळ आलं की पुसायचं, आईच्या अंगावर ठेवायचं, झाकायचं. ओल्या बाळाला घाटातली हवा लागू द्यायची नाही. गाडी कुठे थांबवायची, वळणावर नाही, उतारावर नाही, ते पायलट बघेल. कापड कुठे आहे हे त्यालाही माहीत असलं पाहिजे, कारण तुझे दोन्ही हात गुंतलेले असतील.

मला लोक हेकट म्हणतात. एका डॉक्टरने ‘या मॅडमबरोबर ड्युटी नको’ असं लेखी दिलं होतं, कारण मी त्याला पाळी बदलताना एईडीच्या, म्हणजे हृदयाला शॉक द्यायच्या मशीनच्या, पॅडची मुदतीची तारीख मोठ्याने वाचायला लावली. चार माणसांत अपमान झाला म्हणाला. असेल वाटला. पण मी आजही ती तारीख मोठ्यानेच वाचायला लावीन. मनात वाचलेली तारीख दुसऱ्याला ऐकू येत नाही, आणि मला दोघांना ऐकू यायला हवी आहे. माझ्यामुळे काही जण दुखावले, दुरावले, हे खरं. त्यांच्या गाड्या मात्र तपासलेल्या होत्या.

क्लिनिकचं म्हणशील तर तेही बोलते. माझ्या बॅचच्या मैत्रिणींचे दवाखाने आहेत, पाटीवर नाव आहे. कायाचिकित्सेत एमडी करायचं मनात होतं, ते राहिलं. मुलीच्या शाळेतले कार्यक्रम राहिले. आता कंबरेमुळे गाडीवर चढता येत नाही, म्हणून मी तुम्हा नव्या मुलांना शिकवते. खंत आहे, आणि ती तुझ्यापासून लपवून काय करू? त्याहून मोठी एक आहे. ज्याने गॅरेजवाल्याला उठवलं, तो पायलट निवृत्त झाला तेव्हा शेवटच्या ड्युटीला मी कंबरेच्या दुखण्याने घरी पडून होते. त्या संध्याकाळी काटा दुसऱ्या कुणीतरी वाचला. पण क्लिनिकला बसले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही. तू जायचं तर खुशाल जा, वाईट काम नाही ते. पण पायलटशी पटत नाही म्हणून जाऊ नकोस. क्लिनिकमध्ये कंपाउंडर असतो. त्याच्याशी नाही पटलं तर कुठे जाणार?

तिसऱ्या मजल्याचं राहिलं. तुझा पायलट का चढला नाही, हे मला माहीत आहे. मी सांगणार नाही. त्याच्या वयाचा माणूस जिना टाळतो तेव्हा डॉक्टर म्हणून तुला आधी काय सुचायला हवं? तू पोलिसासारखी नुसती नोंद केलीस. विचार त्याला. कॉलच्या गडबडीत किंवा नातेवाइकांसमोर नको. संध्याकाळी तो चावी फिरवत असेल आणि तू काटा वाचत असशील, तेव्हा विचार. मग पुढच्या वेळी जिना असला की काय करायचं, स्कूप स्ट्रेचर कुणी धरायचं, गल्लीतली दोन पोरं हाताशी घ्यायची का, ते दोघांनी आधीच ठरवा.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझं बोलणं तू दुसऱ्या टोकाला नेशील. पायलट दारू पिऊन आला, गाडी चालवताना मोबाईलवर बोलला, पेशंटच्या माणसांकडे पैसे मागितले, तर थांबायचं नाही, त्याच रात्री कळवायचं. तिथे जोडी-बिडी काही नाही. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. म्हणूनच थांब म्हणतेय.

सोमवारी तुझी रात्रपाळी आहे. वीस मिनिटं आधी जा. पायलटला म्हण, ‘मामा, आज गाडी दोघं बघू, मला स्टेपनी दाखवा.’ तो विचित्र बघेल. बघू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हण. महिनाभर कर, एकही ड्युटी न चुकवता, त्याने साथ दिली नाही तरी तुझ्याकडून मोठ्याने वाचत राहा.

तक्रारपत्र माझ्याकडेच ठेवतेय. महिन्यानंतरही द्यावंसं वाटलं तर परत माग, मी अडवणार नाही. फक्त ‘बोलत नाही’ हा मुद्दा काढून टाक, तो वरच्या ऑफिसात कुणी वाचणार नाही. जिन्याचा ठेवायचा असेल तर त्यात तारीख, वेळ आणि कॉलचा नंबर घाल. आणि गाडी तो बघतो, मी सही करतो, हे वाक्य तुझ्या हाताने खोड.

तुझी,
मॅडम