अमेरिकेत एखाद्या कॉलेजच्या खेळाडूला अटक झाली की दुसऱ्या कॉलेजचे चाहते एवढे खूश का होतात?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूनं मैदानाबाहेर काही भानगड केली की दुसऱ्या कॉलेजवाल्यांना उकळ्या का फुटतात, हा एक. आणि मुलगा ऑगस्टमध्ये एमएस करायला ओहायो स्टेटला, म्हणजे कोलंबसला चाललाय, तर या वातावरणाची काळजी करायची का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. काळजी नको. फक्त त्याच्या बॅगेत निळा-पिवळा स्वेटर भरला असेल तर काढून ठेवा.

मी २०१० च्या ऑगस्टमध्ये त्याच कॉलेजात दाखल झालो. फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे, तो हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा. सामन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर रस्ता लाल-करड्या टीशर्टांनी भरलेला. आजोबा-आजी, तान्ही पोरं, कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा लाल रुमाल. त्यांच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात. वानखेडे तीनदा भरेल एवढी. अमेरिकेत लाखाच्या वर क्षमतेची आठ स्टेडियमं आहेत आणि आठही कॉलेजांची आहेत, एकही व्यावसायिक संघाचं नाही. त्यात कोलंबस शहराला एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा संघच नाही. म्हणजे गावचा देव एकच. विमानतळावर कुणी ‘ओ-एच’ म्हणून ओरडलं की अनोळखी माणूस ‘आय-ओ’ म्हणून उत्तर देतो. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ ऐकला असेल तर जात तीच आहे. फरक एवढाच, की इथे ओरडणाऱ्यांतल्या अर्ध्याअधिक लोकांनी त्या कॉलेजात कधी पाऊलही टाकलेलं नसतं.

आणि शत्रू म्हणजे शेजारचं मिशिगन. त्यांचा रंग निळा-पिवळा. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्यांच्याशी सामना असतो आणि त्या आठवड्यात कॅम्पसभर पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली मारतात. मी मेकॅनिकलचा. सोमवारी सकाळी इमारतीत शिरताना बघतो तर आमच्या मेकॅनिकलच्या ‘एम’वर फुली. मला वाटलं पाटी दुरुस्तीला काढणार असतील. दोन दिवसांनी बस थांब्यावरच्या नकाशातले सगळे ‘एम’ लाल झालेले दिसले तेव्हा ट्यूब पेटली.

आता भानगडीकडे येतो. मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या पँटच्या आकाराचं इवलंसं लॉकेट मिळतं. १९३४ पासूनची रीत. त्या साली नव्या प्रशिक्षकाला कुणीतरी विचारलं, मिशिगनचं काय करणार? तो म्हणाला, तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून पँट चढवतात. तेव्हापासून ही सोन्याची पँट. तर २०१० च्या डिसेंबरात, म्हणजे मी तिथे चार महिन्यांचा असताना, बातमी आली की आमच्या पाच खेळाडूंनी विजेतेपदाच्या अंगठ्या, जर्सी आणि चक्क ही पँट विकून पैसे घेतले, काहींनी फुकटात किंवा सवलतीत टॅटू काढून घेतले. घेणारा टॅटूच्या दुकानाचा मालक. संघाचा हुकमी क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात डाव चालवणारा मुख्य खेळाडू, टेरेल प्रायर याच्या यादीत तर ‘खिलाडूवृत्ती’बद्दल मिळालेलं बक्षीसही होतं. तेही विकलं होतं! पाचही जणांवर पुढच्या हंगामातल्या पाच-पाच सामन्यांची बंदी आली.

आपल्याकडच्या माणसाला यात गुन्हा काय तेच कळत नाही. पोराची स्वतःची अंगठी, विकली तर विकली. पण तेव्हा कॉलेजचा खेळाडू ‘हौशी’ मानला जायचा. शिष्यवृत्तीपलीकडे खेळाच्या नावावर एक डॉलर घेणं म्हणजे नियमभंग. प्रशिक्षक मात्र कोट्यवधी कमवायचे. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि २०२५ पासून तर कॉलेजंच थेट पैसे देतात. त्या पाच जणांचं चुकलं ते दहा वर्षं आधी जन्माला येऊन, असं माझं मत आहे.

पण त्या डिसेंबरात माझं मत कोण विचारतंय? नाशिकचा माझा एक मित्र मिशिगनला, ॲन आर्बरमध्ये होता. त्यानं दिवसभर टॅटूचे विनोद पाठवून माझा इनबॉक्स भरून टाकला. आणि मी, ज्याला अजून ‘टचडाउन’ला किती गुण मिळतात ते धड माहीत नव्हतं, रात्री दोन वाजता त्याला लांबलचक ईमेल लिहीत बसलो. तुमच्याकडे काय सगळे संत आहेत का, नव्वदच्या दशकात तुमच्या बास्केटबॉलवाल्यांनी काय केलं ते गुगल कर, वगैरे. ईमेल पाठवल्यावर लक्षात आलं की आपण खेळाडूंची बाजू मांडलीच नाही, नुसती समोरच्याची जुनी फाइल काढली. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्या ईमेलमध्ये आहे. चाहत्यांच्या भांडणात गुन्हा हा नाण्यासारखा चालतो. तुझा दे, माझा घे, हिशेब फिटला. नाणं कुणाच्या खिशातून आलं हे कुणी विचारत नाही.

(पुढे कळलं की प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना हे एप्रिलपासून ईमेलवरून माहीत होतं आणि त्यांनी दाबून ठेवलं होतं. ३० मे २०११ ला त्यांनी राजीनामा दिला. २०१० च्या हंगामातले सगळे विजय नोंदीतून पुसले गेले, मिशिगनला ३७-७ नं लोळवलं होतं तोही. आणि आता? २०२५ च्या फेब्रुवारीपासून ट्रेसल ओहायो राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही.)

बरं, हंगाम जेमतेम चार-साडेचार महिन्यांचा. उरलेल्या दिवसांत करायचं काय? मग उन्हाळ्यात कुठल्या संघाचे किती खेळाडू पोलिसांनी उचलले याचं गुणपत्रकच चाहते ठेवायचे. गुन्हा जेवढा मोठा तेवढे गुण जास्त. त्या खोट्या करंडकाला टेनेसीच्या एका नामांकित प्रशिक्षकाचं नाव दिलं होतं, फल्मर कप, कारण त्यांच्या संघातली पोरं वारंवार पकडली जायची. वाचायला मजा यायची हे कबूल करतो.

ही चेष्टा जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९८८ ला नोत्र दाम आणि मायामी यांचा सामना होता. नोत्र दाम हे कॅथलिक कॉलेज, आणि मायामीचे खेळाडू तेव्हा अटकेच्या बातम्यांमुळे बदनाम. नोत्र दामच्या विद्यार्थ्यांनी ‘कॅथलिक विरुद्ध कैदी’ असं छापलेले टीशर्ट विकले, आणि ते धडाधड खपले. सामना नोत्र दामनं ३१-३० असा जिंकला आणि टीशर्ट अजरामर झाला. मला तो वाचून आधी हसू आलं होतं. मग मायामीच्या त्या संघाचा फोटो पाहिला. बहुतेक चेहरे काळे. ‘कैदी’ हा शब्द त्या देशात कुणाच्या अंगावर आधी पडतो हे तिथे चार वर्षं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. तुमच्या मुलालाही हळूहळू कळेल.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो तो सांगतो. २०१४ ची गोष्ट. एमएस संपवून मी कोलंबसमध्येच नोकरीला लागलो होतो. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन तेव्हा देशातला सगळ्यात गाजलेला कॉलेज खेळाडू. आदल्या डिसेंबरात त्यानं हाइस्मन करंडक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च सन्मान जिंकला होता. एप्रिलच्या शेवटी तो कॉलेजच्या गावातल्या, टॅलाहासीतल्या एका सुपरमार्केटमधून खेकड्याचे पाय घेऊन पैसे न देता बाहेर पडला. किंमत ३२ डॉलर ७२ सेंट. म्हणाला, विसरलो. शिक्षा वीस तास समाजसेवेची. बस्स, देशभर खेकड्यांचा पाऊस. खेकड्याचे पोशाख, खेकड्याचे फलक, खेकड्याची गाणी. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत मीच फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली, ‘खेकडे मोजून ठेवले आहेत’. सगळे हसले.

एक सहकारी हसली नाही. ती टॅलाहासीला शिकलेली. मला वाटलं, कॉलेजचा अभिमान दुखावला असेल, म्हणून मी आणखी एक विनोद केला. तिनं कॉफी ओतून घेतली, साखर घातली, ढवळली आणि शांतपणे विचारलं, “खेकड्यांची किंमत तुला सेंटपर्यंत पाठ आहे. दुसऱ्या प्रकरणाची तारीख सांग बरं.”

मला सांगता आली नाही. दुसरं प्रकरण म्हणजे डिसेंबर २०१२ मध्ये एका विद्यार्थिनीनं पोलिसांत केलेली बलात्काराची तक्रार. तिनं पुढे विन्स्टनचं नाव सांगितलं. त्यानं आरोप कायम नाकारला, आणि ५ डिसेंबर २०१३ ला सरकारी वकिलांनी पुरेसा पुरावा नसल्याचं सांगून गुन्हा दाखल केला नाही. त्यानंतर नवव्या दिवशी त्याला हाइस्मन मिळाला. खरं काय झालं ते मी ठरवू शकत नाही. पण तपास किती ढिसाळ झाला हे पुढे वर्तमानपत्रांनी खणून काढलं, ती मुलगी धमक्यांमुळे कॉलेज सोडून गेली, आणि विद्यापीठानं २०१६ च्या जानेवारीत साडेनऊ लाख डॉलर देऊन, चूक मान्य न करता, तिच्याशी तडजोड केली. माझी सहकारी म्हणाली, आमच्याकडच्या लोकांनी तिला खोटारडी म्हटलं आणि बाकीच्यांनी खेकडे नाचवले. तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

मी दुपारी चिठ्ठी काढली. माफी वगैरे मागितली नाही, तेवढं सुचलं नाही.

आपल्या संघावर बालंट आलं की याच्या उलट. पेन स्टेट या कॉलेजात २०११ मध्ये माजी सहायक प्रशिक्षकानं मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं. ९ नोव्हेंबरच्या रात्री विद्यापीठानं मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांना काढलं, तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एका वाहिनीची गाडी उलथवून टाकली. कशासाठी, तर प्रशिक्षकासाठी. आम्ही ओहायोवाले ते बघून नाकं मुरडत होतो, आणि आमचं स्वतःचं टॅटू प्रकरण अजून वर्षाचंही झालं नव्हतं.

चाहते स्वतः काय करतात हा वेगळा विषय आहे, पण अलाबामाची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑबर्न आणि अलाबामा ही एकाच राज्यातली हाडवैरी कॉलेजं. ऑबर्नच्या चौकात दोन जुने ओक होते. सामना जिंकला की ऑबर्नची मंडळी त्यांच्यावर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायची, झाडं पांढरीशुभ्र व्हायची. २०१० मध्ये ऑबर्ननं २४-० अशा पिछाडीवरून अलाबामाला हरवलं. त्यानंतर अलाबामाच्या साठीतल्या एका चाहत्यानं त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतलं आणि वर रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून तसं सांगितलंही. झाडं वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली. तो तुरुंगात जाऊन आला. झाडाचा काय दोष, असं तिथे मी एका अलाबामावाल्याला म्हणालो तर तो म्हणाला, झाड ऑबर्नचं होतं ना!

असं सगळं वाचून मुलाला पाठवायचं का असं वाटत असेल तर तसं काही नाही. अभ्यास करणाऱ्या पोराला हे शनिवारपुरतं असतं. विद्यार्थ्यांच्या तिकिटावर एखादा सामना त्यानं जरूर बघावा, बँडसाठी तरी. मिशिगनच्या सामन्याच्या रात्री गर्दीच्या रस्त्यांवर रेंगाळू नये, एवढं सांगा. २०२४ मध्ये मिशिगननं कोलंबसला येऊन १३-१० असं हरवलं आणि मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला गेले, तेव्हा अशी जुंपली की पोलिसांनी खेळाडूंवर मिरचीचा फवारा मारला. दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड. ओहायोच्या एका आमदारानं तर त्या मैदानावर झेंडा रोवणं हा फौजदारी गुन्हा ठरवणारं विधेयक आणलं. नाशिकच्या मित्रानं त्या रात्री फवाऱ्याचा व्हिडिओ पाठवला. मी उत्तरादाखल त्यांच्या दंडाची बातमी पाठवली. म्हणजे बघा, चौदा वर्षांत मी काही फार सुधारलेलो नाही.

स्वेटरचं मात्र मनावर घ्या. त्याच मित्रानं मला लग्नात एक निळा-पिवळा दिलाय, लोकर उत्तम आहे. कोलंबसमध्ये मी तो फक्त घरात घालतो, पडदे ओढून.