मालदीवला गेलेला जिल्हा

प्रश्न: जिल्ह्यातल्या गावांच्या हद्दींची एसएचपी फाइल मित्राने पाठवली, पण क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडेना. मग त्याने आणखी दोन फाइली दिल्या. आता गावांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हं येतात आणि नकाशा मालदीवजवळ समुद्रात पडतो. काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर: शेपफाइल ही एक फाइल नव्हेच, तो संच असतो. एसएचपीत नुसते आकार, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका आणि डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता. तिन्हींचं नाव एकच हवं. एसएचएक्स हरवली तर पुन्हा तयार करता येते. डीबीएफ गेली की गावांची नावं गेली.

तुमच्याकडे सीपीजी आणि पीआरजे या दोन फाइली अजूनही आलेल्या दिसत नाहीत. अक्षरं कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे साठवण्याच्या कोणत्या पद्धतीत आहेत, हे सीपीजी सांगते. ती नसेल तर लेअरच्या (नकाशातल्या या थराच्या) प्रॉपर्टीजमध्ये सोर्स टॅबवर यूटीएफ-८ निवडा, बहुधा नावं नीट दिसतील. मात्र तिथे नुसती प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं सेव्ह करतानाच पुसली गेली आहेत. मूळ प्रत मागवा.

मालदीवचं कोडं पीआरजेचं. आकडे कोणत्या निर्देशांक पद्धतीतले (सीआरएस) आहेत हे ती सांगते. फाइलमधले आकडे ७४.५, १६.८ असे, म्हणजे रेखांश-अक्षांशांच्या अंशांत असणार. लेअरला ३२६४३ हा क्रमांक, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा झोन (पट्टा) ४३ दिला गेला की हेच आकडे मीटर म्हणून वाचले जातात. मग अख्खा जिल्हा विषुववृत्ताला चिकटून, मालदीवच्या पश्चिमेला, जेमतेम दोन मीटरच्या ठिपक्यात मावतो! ‘सेट लेअर सीआरएस’मध्ये ४३२६ हा अंशांच्या पद्धतीचा क्रमांक द्या, जिल्हा जागेवर येईल.

पण या आज्ञेने आकडे बदलत नाहीत, फक्त ते कसे वाचायचे ते ठरतं. नकाशा खरोखर मीटरमध्ये हवा असेल तर दुरुस्तीनंतर ‘एक्स्पोर्ट’मधून ३२६४३ निवडून नवी फाइल करा. इथे घाई करणारे बरेच फसतात. नागपूर-चंद्रपूरला मात्र झोन ४४, म्हणजे ३२६४४ लागतो. दोन झोनमधली ७८ अंशांची सीमारेषा यवतमाळ जिल्ह्यातून जाते, तिथल्यांची पंचाईतच.

एक्स्पोर्ट करताना फॉरमॅट जिओपॅकेज ठेवा. सगळं एकाच फाइलीत राहतं. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. ‘गाव’ ९ बाइटांत बसतं, ‘तालुका’ला १८ लागतात.