मी नवऱ्याला सांगितलं होतं

तुम्ही विचारलंय की ऑफिसातल्या एकाकडे मन ओढलं जातं, रोज प्रार्थना करूनही जात नाही, तर विश्वास कमी पडतोय का, आणि नवऱ्याला सांगावं का. विश्वासाचं आधी उरकते. बायबलातल्या शलमोन राजाला देवाने दोनदा दर्शन दिलं होतं, तरी म्हातारपणी त्याचं मन देवापासून फिरलंच (1 राजे 11). मग तुमची-आमची काय कथा! मोह झाला म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका. त्या माणसाच्या आसपास मात्र राहू नका.

मी नर्स. तेव्हा आयसीयूत रात्रपाळीला होते. मिस्टर एसटीत कंडक्टर, निम्मा आठवडा मुक्कामी गाडीवर. मी घरी पोचायचे तेव्हा ते डबा घेऊन निघालेले असायचे. बोलणं काय, तर गॅस संपलाय, पोराची फी भरायचीय. आणि इकडे लॅबमधला एक जण पहाटे तीनच्या सुमाराला थर्मासमधून चहा आणायचा. आलं ठेचून घातलेला, माझा कप आधी स्वतः विसळून. माणूस सभ्य, एक शब्द वावगा बोलला नाही. पण पेशंटचं बीपी घेताना माझे कान लिफ्टकडे लागायला लागले, तेव्हा मला कळलं काय चाललंय ते.

रविवारी उपासनेहून आल्यावर जेवताना मिस्टरांना सगळं सांगून टाकलं. बराच वेळ नुसती भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, "साखर किती घालतो?" मला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे जाऊन ओपीडी मागितली. रात्रपाळीचे जादा पैसे गेले, इन्चार्ज व्हायची पाळी आली होती तीही गेली.

आमचे भाऊजी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच. त्यांना हे कळलं तर घरगुती प्रार्थनेत, माझं नाव न घेता पण माझ्याकडेच बघत म्हणाले, "विश्वासी माणूस पळत नसतो. सैतानाला अडवा म्हणजे तोच पळेल. याकोब 4:7." मग योसेफाने काय केलं? मालकाची, पोटीफरची बायको मागे लागली तेव्हा तिच्या हातात अंगरखा सोडून पळालाच ना? वर तुरुंगात गेला. प्रेषित पौलही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात जारकर्मापासून पळाच म्हणतो. आणि चहा आणणारा सैतान नव्हता, तीच तर पंचाईत. शिंगं असती तर मीही अडवलं असतं.

त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो, नवराबायकोने एकमेकांपासून दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेसाठी आणि थोडाच वेळ, नाहीतर सैतान परीक्षेत पाडील. या वचनावर मी आजवर एक उपदेश ऐकलेला नाही. मिस्टरांनी मात्र साहेबांच्या मागे लागून मुक्कामी ड्यूटी बदलून घेतली.

सांगा म्हणतेय खरी, पण नवरा संशयी असेल, हात उगारणारा असेल, तर आधी मंडळीतल्या जाणत्या बाईशी बोला. जिच्या तोंडात तीळ भिजतो अशीच बघा. नोकरी सोडणं सगळ्यांना परवडत नाही, हेही मान्य. पाळी बदला, जागा बदला, जेवायची वेळ बदला.

आणि भाऊजी, याकोब 4:7 सुरू होतं ते "देवाच्या अधीन व्हा" इथून. अडवायचं त्यानंतर येतं. तेवढा अर्धा भाग तुम्ही दर वेळी गाळता.